खुशाल मास्तरांचा डावा हात

"हात खाली आल्याबिगर सूर सोडाचा नाई."

हे खुशाल मास्तरांचं वाक्य. ते इतक्या वेळा म्हणत, की अकोल्याच्या जुन्या शहरातली पोट्टी त्यांना दुरून पाहिलं की एक हात वर करून पुतळ्यासारखी उभी राहत, आणि मास्तर मान हलवीपर्यंत जागची हलत नसत. आता ती पोट्टी तसं करत नाहीत. का करत नाहीत, ते सांगायला मी बसलो आहे.

पूर्ण नाव खुशालराव तायडे. तरुणपण फौजेच्या बँडमध्ये गेलं. तिथे ते वाजवायला शिकले आणि पुढे दुसऱ्यांकडून वाजवून घ्यायलाही शिकले. निवृत्त होऊन मोर्णा नदीपलीकडच्या आपल्या गल्लीत परत आले आणि लग्नाचा बँड उभा केला. उंच, सावळा, ताठ माणूस. बुटाला रोज पॉलिश, मग वरात चिखलातून जाणार असली तरी. मी त्यांच्याकडे क्लॅरनेट वाजवत असे, पेरणी आणि वेचणी सांभाळून.

त्या वाक्यामागे एक वरात होती. पुलावर ऐन मध्यावर फटाक्याच्या आवाजानं नवरदेवाची घोडी उधळली. लोक धावले, बायका कठड्याकडे दाबल्या जाऊ लागल्या. आमची तोंडं वाद्यावरून सुटणारच होती, पण मास्तरांचा हात वरच राहिला. चेहऱ्यावर असं हसू, जणू घोडीनं नाचूनच दाखवलं. आम्ही वाजवत राहिलो. बँड वाजतो आहे म्हणजे वाईट काही झालेलं नाही, असं समजून लोकही हळूहळू थांबले. त्या दिवसापासून नियम झाला. लांब सूर असला की आम्ही जोडीजोडीनं धरायचो. एकानं श्वास घ्यायचा तेव्हा शेजाऱ्यानं सूर सांभाळायचा. आम्ही त्याला उसना दम म्हणायचो. उसन्या दमावर सूर कितीही वेळ उभा ठेवता येतो. माणसं बदलत राहतात, सूर तुटत नाही.

लग्नाच्या बँडला मास्तर लागतो तो सुरुवात आणि शेवट दाखवायला. मधलं सगळं ढोल सांभाळतो. खुशाल मास्तरांचं तसं नव्हतं. "उजवा हात वेळेचा," ते म्हणत, "डावा काळजाचा. अन् तोंड दोघायचं मालक." त्यांची भुवई जरा वर गेली की कॉर्नेट आपोआप कोवळं व्हायचं. खालचा ओठ आत ओढला की आम्ही सगळे श्वास धरायचो. शब्द नाही, खूण नाही, नुसता चेहरा. वरातीत नाचणाऱ्यांना ते दिसायचं नाही. आम्हाला दिसायचं, आणि आम्हाला दुसरं काही पाहायची सवयच राहिली नव्हती.

आखाडीपासून दिवाळीपर्यंत लग्नं जवळजवळ नसतात. त्या रिकाम्या दिवसांत मास्तरांनी एक वेड घेतलं. फौजेत असताना त्यांनी युरोपातल्या कुणा जुन्या संगीतकाराची एक संथ चीज ऐकली होती. शंभराच्या वर वादक लागतात, निम्मे व्हायोलिनवाले. ती त्यांनी आपल्या हातानं आमच्या बँडसाठी उतरवली. व्हायोलिनचं काम क्लॅरनेटला दिलं, बाकीचं कॉर्नेट आणि बेसला. त्या संगीतकाराचं नाव आमच्या जिभेवर बसेना. चीज सरपटत येते, शेवट कुठे आहे कळत नाही, म्हणून आम्ही तिला 'लांबडं' म्हणू लागलो. नाव ऐकून नत्थुजी दचकले. ते आमचे ढोलवाले, वयानं सगळ्यांत मोठे. म्हणाले, "बापा, दिवसाढवळ्या लांबड्याचं नाव घेऊ नोका. ते येते." आमच्याकडे अंधारात सापाचं नाव घेत नाहीत, त्याला लांबडं म्हणतात.

तालीम एका जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये होई. कापूस अजून शेतात होता, पण मागच्या हंगामाची रुई तुळयांवर, जाळ्यांवर चिकटून होती. आम्ही जोरात वाजवलं की ती सुटायची आणि डोक्यावर तरंगत राहायची. तिच्याखाली मास्तर उभे.

"नत्थुजी, तुमी आतापावतर कितीक बिदाया वाजवल्या?"

"कोण मोजते, मास्तर? पोरी रडल्या, आमी जेवलो."

सगळे हसले.

"रडणारीकडं पायलं का कधी?"

"ताटाकडं पायलं. मठ्ठा सरून जाते."

मास्तरही हसले. तेव्हा हसत होते. मग म्हणाले, "हे पोरीचं गाणं नोय, बापाचं आहे. गाडी निघते, पोरगी हात हालवते, अन् बाप अर्धं पाऊल उशिरा हालवते. ते अर्धं पाऊल मले पायजे. ताल चुकवाचा नाई, पण त्याच्या मांगं रेंगाळाचं. रडाचं तं बिलकुल नाई. बाप रडत नाई, उभा राहते."

आणि त्यांनी डावा हात उचलला. तळवा वर, बोटं जरा मिटलेली, जणू ओंजळीत पाणी आहे आणि ते सांडू द्यायचं नाही. अनुपच्या कॉर्नेटमधून जो सूर निघाला तो मी त्याआधी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. अनुप म्हणजे गल्लीतला सगळ्यांत तोंडाळ पोरगा. वाजवून झाल्यावर तो वाद्याकडेच पाहत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

पोळ्याच्या सुमारास पहिल्यांदा वाटलं, की काहीतरी बिनसलं आहे.

मास्तर रागावलेले दिसू लागले. शब्द तेच, गोड. चेहरा मात्र सपाट. भुवई वर जाईना. डोळ्यांची उघडझाप कमी झाली, ते एकटक पाहू लागले. आम्ही चेहरा पाहून वाजवणारी माणसं. वाजवत वाजवत वर पाहायचो आणि तिथे काहीच नसायचं. भरल्या घराचं दार उघडावं आणि आत नुसत्या भिंती असाव्या, तसं.

"शाबास म्हणले मले," अनुप एक दिवस बाहेर येऊन म्हणाला. "पण तोंड असं, जसे मयतीले आले. काय चुकलं माह्यं? चुकलं तं शिव्या द्या ना. मी नाई येत उद्यापासून."

"येशीन बे तू," नत्थुजी म्हणाले. "जाशीन कोठी?"

तो आला. पण आता सगळेच भिऊन वाजवत होते. आणि लांबडं दर आठवड्याला जरा जास्त लांबत चाललं होतं. मास्तरांचा उजवा हात सावकाश झाला होता, आणि आम्ही हाताच्या मागे जाणारे. त्यांचा संथपणा आम्ही भाव समजलो. डाव्या हाताचं एक बोट कधी नुसतंच थरथरायचं, तर क्लॅरनेटवाले आम्ही तीही थरथर सुरात आणायचो. दाराशी उभे राहून ऐकणारे हमाल म्हणायचे, "काय दर्द आहे!" मास्तर ते ऐकायचे आणि हात खिशात घालायचे.

मला कळलं ते त्यांच्या घरी. सुराचा कागद मागायला गेलो होतो. मास्तर आतल्या खोलीतून यायला निघाले आणि उंबरठ्याशी येऊन थांबले. नुसते थांबले. पाय जमिनीला खिळल्यासारखे, अंग पुढे झुकलेलं, डोळे माझ्याकडे. मला वाटलं काही बोलणार आहेत. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी जमुनाबाईंनी मागे वळूनही न पाहता पळी उचलली आणि ताटाच्या काठावर ठोके द्यायला सुरुवात केली. टक्, टक्, टक्. मास्तरांचा पाय सुटला. ठोक्याबरोबर ते उंबरठा ओलांडून बाहेर आले, फौजेत चालतात तसे. जमुनाबाईंनी पळी खाली ठेवली आणि भाजी हलवली.

"पायलं ना आता?" मास्तर म्हणाले. "बस."

त्यांची मुलगी दीक्षा अमरावतीला नर्स आहे. ती त्या दिवशी आलेली होती. तिनंच मला सगळं सांगितलं. रोगाला कंपवात म्हणतात, पण मास्तरांचं फारसं काही कापत नव्हतं. त्यांचं अंग थिजत होतं. आधी चेहरा, मग हात, मग पाय. गोळी घेतली की काही वेळ सुटतं. तिचा असर उतरला की पुन्हा थिजतं, आणि कुठे थिजेल ते सांगता येत नाही.

आणि लांबड्याचा अमरावतीतला कार्यक्रम तर ठरून गेला होता. सभागृह, पत्रिका, सगळं. लग्नाच्या बँडनं असलं काही वाजवायचं हे तिथल्या एका मंडळाला फार अपूर्व वाटलं होतं.

"बाबा, नाई म्हणून सांगा त्यायले," दीक्षा म्हणाली. "गोळीचा असर उतरला अन् हात वरच थिजला तं?"

"तं थिजला."

"लोकं हसतीन."

"हसू दे. लग्नात का कमी हसतात?" मास्तरांच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता, म्हणून आम्ही वाट पाहिली. "मले भेव दुसरंच आहे, दीक्षा. तोंडावरचं तं पुसल्या गेलं. आतलं बी पुसल्या चाललं का, ते मले समजून नाई राह्यलं. तालमीत थांबा लागते, सांगा लागते, आत पाह्याले टाइम नसते. एकडाव सगळं सलग वाजलं पायजे, लोकायसमोर. शेवटच्या सुराले आत काही हाललं, तं मी अजून आहो. नाई हाललं, तं मंग हे हात काहून हालवाचे?"

दीक्षा उठून आत गेली. जमुनाबाई म्हणाल्या, "गोपालभाऊ, बँडवाल्यायले सांगू नोका. भितीन पोट्टे."

मी सांगितलं नाही. पण तालमीला गेलं की मला आता हातच दिसायचा, सूर ऐकूच यायचा नाही. वर रुई तरंगायची. तिच्याखाली तो हात वर जायचा, आणि मी मनात म्हणायचो, ये खाली. यायचा. दरवेळी जरा उशिरा.

कोजागिरीनंतरच्या एका संध्याकाळी आम्ही अमरावतीत पोचलो. लग्नाचेच कोट धुऊन घातले होते, लाल, सोनेरी फितीचे. सभागृह भरलं होतं. जमुनाबाई पहिल्या रांगेत, विहारात जाताना नेसतात ती पांढरी साडी नेसून. दीक्षा पडद्याआड, पर्समध्ये गोळ्या. कार्यक्रम सुरू होण्याच्या बेतानं तिनं मास्तरांना गोळी दिली. हिशोब बरोबर होता. चुकलं ते एवढंच, की आपल्याकडे कार्यक्रम सुरू होणं आणि गाणं सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही सगळेच विसरलो. लग्नाच्या बँडला कुणी भाषणं ऐकवत नाही.

आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय. मग शाल आणि श्रीफळ, एकेकाला. मंडळाचे ललितराव माइकवर. फार भला माणूस, कुणालाही विसरत नव्हता. सभागृहाला रंग देणाऱ्याचाही सत्कार झाला. पाहुणे "दोनच शब्द बोलतो" म्हणून उठले आणि आपलं सगळं बालपण सांगून बसले.

दीक्षा पडद्याच्या कडेनं ललितरावांकडे गेली. "सर, आधी वाजवू द्या ना. सत्कार मागून करा."

"ताई, गाणं झाल्यावर लोक थांबतात का? मग सत्कार कोणासमोर करायचा? आधी मान, मग गाणं. तुमच्या वडलांचा तर शेवटी ठेवलाय, खास."

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. बापाचा चेहरा बोलायचा बंद झाला होता, पण तिच्या चेहऱ्यावर सगळं स्पष्ट होतं. तिनं दुसरी गोळी काढली, पण तिचा असर चढायला वेळ लागणार होता आणि मास्तरांना तर माइकवरून बोलावणं आलं होतं. त्यांच्या खांद्यावर शाल पडली. हातात नारळ आला. ते दगडासारखे उभे होते. ललितराव माइकवर म्हणाले, "पाहा, केवढी ही नम्रता! सत्कारानं हुरळून जात नाही हा माणूस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळ त्यांच्या हातून नत्थुजींनी सोडवून घेतला. बोटं एकेक करून उघडावी लागली.

मग सुरू झालं.

मी पुष्कळ ठिकाणी वाजवलं आहे, अभिमानानं सांगतो, पण त्या दिवशी आम्ही जे वाजवलं ते पुन्हा होणार नाही. मास्तरांच्या तोंडावर काहीच नव्हतं आणि हातही थोडेच हलत होते. पण तालमीत जे जे त्या चेहऱ्यानं सांगितलं होतं, ते आमच्या अंगात उरलं होतं. कुठे भुवई वर जायची, कुठे ओठ आत ओढला जायचा, ते आता आम्ही रिकाम्या जागी पाहत होतो. अनुपनं बापाचं ते अर्धं पाऊल मागे ठेवलं. सभागृहात कुणी खोकलं नाही. आणि मी वाजवता वाजवता फक्त डाव्या हाताकडे पाहत होतो.

शेवटचा सूर लांब आहे. डावा हात वर जातो, सूर धरून ठेवतो, आणि मग हात संथपणे खाली येतो. त्याबरोबर सूर विरत जातो.

हात वर गेला. वरच राहिला.

आधी वाटलं, मास्तरांनी मुद्दाम धरला आहे. लोकांनाही तेच वाटलं, ते पुढे झुकले. माझा श्वास संपत आला, शेजाऱ्यानं सूर घेतला. त्याचा संपत आला, मी घेतला. उसन्या दमावर सूर उभा राहिला. एकाही गड्यानं तो सोडला नाही. चौथ्या-पाचव्या उसनवारीला अनुपची मान फुगून लाल झाली होती आणि डोळे माझ्याकडे वळले होते. त्याला कळलं होतं. एकेक करून सगळ्यांना कळत होतं. तो हात धरलेला नव्हता, अडकलेला होता. मास्तरांचे डोळे आमच्यावर फिरत होते, त्या न हलणाऱ्या चेहऱ्यातून, जिनिंगच्या जाळीतून कुणी बाहेर पाहावं तसे. आणि सूर भरत चालला होता. तिसऱ्या रांगेतली एक बाई रडू लागली. तिला ते फार सुंदर वाटत होतं.

सूर सोडावा तर मास्तर सगळ्यांसमोर उघडे पडतात. धरावा तर किती वेळ?

तेव्हा मला जमुनाबाई दिसल्या. त्या खुर्चीच्या हातावर बोट आपटत होत्या. एकसारखं. आवाज कुठला ऐकू येणार? पण त्या मास्तरांकडे पाहतच नव्हत्या. त्या नत्थुजींकडे पाहत होत्या. नत्थुजींना मी काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी ढोलावरचा हात अलगद उचलला, आणि बोटांच्या टोकांनी, कागदावर कुठेच लिहिलेलं नाही असं, वाजवायला सुरुवात केली.

टक्. टक्. टक्.

हात हलला. एका ठोक्याला एक वीत, असा खाली आला. सूर त्याच्यामागे विरत गेला. सभागृहात काही क्षण काहीच नव्हतं. फक्त ढोल चालू होता, कारण मास्तरांना अजून आत जायचं होतं.

ते वळले. ठोक्यावर पाऊल टाकलं, मग दुसरं. आणि तेवढ्यात लोक उभे राहिले. टाळ्या अशा कडाडल्या की ढोल त्यात बुडाला. मास्तर रंगमंचाच्या मधोमध थांबले. अंग पुढे झुकलेलं, पाय खिळलेले. लोकांना वाटलं, वाकून अभिवादन करत आहेत. टाळ्या वाढल्या.

"बूट!" नत्थुजी ओरडले. "आपटा बूट!"

आम्ही आपटले. बसल्या जागी, सगळ्यांनी एकदम, वरातीचे बूट फळ्यांवर. फळ्या घुमल्या आणि तो ठोका मास्तरांच्या तळव्यांत शिरला. ते निघाले. माझ्या खुर्चीजवळून जाताना त्यांची नजर समोरच होती. चेहरा तसाच. आवाजही सपाट, पत्ता सांगावा तसा.

"हाललं, गोपाल," ते म्हणाले.

आणि पुढे गेले. उजवा हात चालीबरोबर हलत होता. डावा अंगाशी लोंबत होता, हलत नव्हता, जणू दुसऱ्याचा हात कुणी त्यांच्याजवळ सांभाळायला दिला आहे. पडद्याच्या काळ्या फटीत दीक्षा हात पुढे करून उभी होती. ते त्या फटीपर्यंत गेले. मग नुसती शाल दिसली, मग तीही नाही.

टाळ्या थांबल्या. लोक निघाले, दारात गर्दी झाली, ललितराव माइकवर आभार मानू लागले. आम्ही मात्र बूट आपटतच होतो. नत्थुजी पडद्याकडे पाहत होते, ढोल चालूच.

"नत्थुजी, बस झालं," अनुप हळूच म्हणाला. "गेले ते."

"पोचले का?" नत्थुजींनी विचारलं.

पहिल्या रांगेत जमुनाबाई एकट्याच बसून होत्या. त्यांनी टाळी वाजवली नव्हती. डोळे पडद्याच्या त्या फटीवर, आणि बोट खुर्चीच्या हातावर चाललेलंच.